दुसरा ब्रेक

मध्ये काहीच नव्हतं, तरी मास्तरांनी ब्रेक दाबला. रस्ता मोकळा होता, सकाळ नितळ होती, पुढची बस केव्हाच वळून गेली होती, आणि स्टिअरिंगवर बसलेले दातांचे डॉक्टर आज पहिल्यांदाच बऱ्यापैकी सरळ चालवत होते. गाडी कचकन थांबली. डॉक्टर पट्ट्यात अडकून पुढे झुकले, मागच्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. काय आलं मध्ये, असं डॉक्टरांनी चाचरत विचारलं. इतके दिवस काही ना काही मध्ये येतच होतं आणि ते त्यांना कधीच दिसलेलं नसायचं. मास्तर म्हणाले, काच पुसा. डॉक्टरांनी वायपर फिरवला. पाणी उडालं, रबर कुरकुरलं, काच होती त्याहून स्वच्छ झाली, आणि मास्तरांना दिसणारं ते काळं तिथेच राहिलं. खाली, नाकाच्या बाजूला, कुणीतरी जमिनीवरून चादर उचलून धरावी तसं. मास्तरांनी मान हलवली, तेही हललं. मान थांबली तरी ते जरा वेळ डुलत राहिलं, जणू त्याला घाई नव्हती. मग त्यांनी काळं दिसणारा तो डोळा मिटून बघितलं. दुसरा, लहानपणापासूनचा अधू, उघडाच होता. त्या डोळ्यात रस्ता म्हणजे राखाडी, झाडं म्हणजे हिरवट आणि डॉक्टर म्हणजे एक गोरटा डाग. काच पुसून भागायचं नाही, हे तेव्हा त्यांना कळलं.

शिकवण्याच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी, शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक शिकणाऱ्याला दिसत नाही, दिसला तरी आठवत नाही, आणि गाडी आपणच थांबवली या समजात तो सुखाने शिकत राहतो. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं होतं. त्यांच्या गाडीला ओरखडा माहीत नव्हता. शिकाऊ चुकायच्या आधीच त्यांचा पाय चाललेला असायचा. खरं तर शिकाऊला चुकायला मिळायचंच नाही. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की पाय घरीही चालायचा. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की सोफ्यापुढे टाच आपटायची, आणि बायको म्हणायची, आमच्या सोफ्याला ब्रेक आहे, फक्त चाकं बसवायची राहिलीत. चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन उताराला लागलं की मास्तरांचा पाय पुढच्या बाकाच्या फळीवर जाऊन टेकायचा आणि पुढे बसणाऱ्या आजी मान वळवून बघायच्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. शिकाऊंना ते रोज ऐकायला मिळायचं. प्रार्थनेच्या आधी ते म्हणत नसत, एवढंच.

याला कारण होते त्यांचे वडील. वडील ‘प्रभू बघेल’ म्हणणारे होते. छप्पर गळतंय, प्रभू बघेल. दाराची कडी तुटलीय, प्रभू बघेल. पोराचा एक डोळा नाकाकडे ओढतोय, तुम्ही कुणाला दाखवत का नाही, असं शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितलं, तर वडिलांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्या गेल्यावर डोळे मिटून मोठ्या भक्तीने तेच म्हटलं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तो अधू डोळा तपासताना सहज बोलून गेल्या, लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून याला कामाला लावलं असतं तर आज हाही चालला असता. सहजच बोलल्या त्या, हात धुता धुता. मास्तर तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून स्टुलावर बसले होते. म्हणजे प्रभूने बघितलं नव्हतं. निदान त्या डोळ्याने तरी नाही. दुसऱ्या डोळ्याने जे काही बघायचं ते मास्तरांनी बघितलं होतं, एकट्याने, आणि आता त्या डोळ्यामागचा पडदा ओल आलेल्या भिंतीवरच्या कागदासारखा सुटून आला होता.

शस्त्रक्रिया झाली. पडदा जागच्या जागी बसवला, डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला, आणि डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बसवून समजावून सांगितलं, तेही शाळेतल्यासारखं, एका हाताची वाटी करून. बुडबुडा वर चढतो. तुम्ही तोंड जमिनीकडे केलं की डोळ्याची मागची बाजू वर होते, मग बुडबुडा पडद्याला दाबून धरतो, आणि तो चिकटतो. म्हणून बसताना, झोपताना, जेवताना, तोंड खाली. मी सांगेपर्यंत खाली. वायू आहे तोवर त्या डोळ्याला दिसणार नाही, तेव्हा दिसतंय का म्हणून बघायलाही जायचं नाही.

“मी काय करायचं?” मास्तरांनी विचारलं.

“तोंड खाली ठेवायचं.”

“ते कळलं. पण करायचं काय?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काही करू नये, एवढंच तुम्ही करायचं.”

आणि चिकटेल ना, यावर त्यांनी बहुतेक वेळा चिकटतो असं उत्तर दिलं. बहुतेक. मास्तरांनी तो शब्द घरी आणला, आणि घरात तो शब्द जमिनीवर, फरशीवर, त्यांच्या नाकाखाली पसरून राहिला. बायकोने टॉवेल गुंडाळून एक मोठं कडं केलं होतं. जेवणाच्या टेबलाच्या कडेला ते ठेवायचं, त्यात कपाळ टेकवायचं, आणि खुर्चीवर बसून खाली बघत राहायचं. बघायला चांगला डोळा नव्हताच; त्यावर जाळीची वाटी चिकटवलेली होती. उरला तो वडिलांनी प्रभूवर सोडलेला डोळा. त्यात दोन फरश्यांमधली रेघ आहे की नाही हे सांगता यायचं नाही, पण नजर तिथून हलवायची म्हटली तर जाणार कुठे? टेबलाचा पाय. स्वतःचे गुडघे. कुणी आलं की रंगाचे दोन ठोकळे: निळे म्हणजे बायकोच्या सपाता, पांढरे म्हणजे लेकीचे बूट. पहिल्या दिवशी त्यांनी हातआरसा मागवून घेतला आणि तो मांडीवर ठेवून, जरा तिरका, अजून जरा, बस, असं बायकोकडून लावून घेतला. मागचं दिसायला हवं, म्हणाले. आरशात बायकोचा चेहरा उलटा आणि पुसट आला, हनुवटी वर, कपाळ खाली. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा मला आरशात बघून गाडी काढताय. मास्तर हसले. हसताना मान हलली, आणि हसू मध्येच थांबलं, कारण आत काही तरी डुचमळलं, किंवा डुचमळलं असं वाटलं, आणि या दोन्हींमधला फरक सांगणारं कुणी त्या घरात नव्हतं.

मान दुखायची. मग ती दुखायची थांबली आणि पाठ सुरू झाली. नाकातून पाणी टपटपायचं, ते पुसायला हात वर नेला की कोपर टेबलाला अडकायचं. पाणी प्यायला नळी. जेवण स्टुलावर, पायांच्या मध्ये, एखाद्या जनावरापुढे ठेवावं तसं. बायको तसं ठेवत नव्हती, ती नीटच ठेवत होती, पण वरून तसंच दिसायचं. घराचे सगळे आवाज पाठीमागून यायचे. कुकर, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. प्रत्येक आवाजाला ते आधी ओळखायचे, मग थांबवायचे. म्हणजे पाय चालायचाच. टेबलाखालची आडवी दांडी त्यांनी दाबून दाबून सैल केली. गॅस बंद केलास का, हे त्यांनी फरशीला विचारलं, आणि फरशीने बायकोच्या आवाजात होय म्हटलं. दार लावलंस का? होय. ती दातांच्या डॉक्टरांची लायसन्सची परीक्षा पुढे ढकलायला सांगितलीस का? होय, आणि ते म्हणाले, मास्तर नसतील तर मी देत नाही. हे ऐकून त्यांना बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं, कारण त्यांनी इतका शिकवलेला माणूस त्यांच्याशिवाय परीक्षेलाही बसत नव्हता.

एकटीने चालवायला तिलाही कधी मिळालं नव्हतं. लेक. घरात तिला बबडी म्हणत, अजूनही म्हणतात. तिला त्यांनी स्वतः शिकवायला घेतलं होतं, परक्यांना दिलं त्याहून चौपट लक्ष देऊन. कोपरा आला की तिच्या आधी त्यांचा पाय. समोरून सायकल आली की तिच्या आधी पाय. ती गाल आत ओढून चालवायची. एक दिवस भर रस्त्यात तिने हात मांडीवर ठेवले. स्टिअरिंग सोडून. गाडी अर्थातच थांबली. बाबा, ती म्हणाली, मी चालवतच नाहीये. तुम्ही चालवताय, आणि मी चालवतेय असं मला वाटावं म्हणून मला इथे बसवलंय. ती उतरून चालत घरी गेली. पुढे नोकरीच्या गावी ती दुसऱ्याच कुणाकडे शिकली, गाडी घेतली, पोरंबाळं घेऊन लांब लांब फिरली, आणि या सगळ्या वर्षांत मास्तर तिच्या गाडीत एकदाही बसले नाहीत. काही ना काही निघायचं. गुडघा, काम, ऊन. आता ती सुट्टी काढून येऊन राहिली होती, दवाखान्यात न्यायला-आणायला, आणि तिचे पांढरे बूट फरशीवरून जायचे तेव्हा मास्तर जरा जास्तच खाली बघायचे.

पाळकसाहेब आले, त्यांचेही बूटच आले. काळे, पॉलिश केलेले. त्या डोळ्यातसुद्धा चकाकले. पाळकसाहेब मास्तरांचेच शिकाऊ. दुसरा गिअर सोडून तिसऱ्यात जायला त्यांनी पूर्ण पावसाळा आणि अर्धा हिवाळा घेतला होता. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तीही दुसऱ्या गिअरमध्येच चालली, इंजिन घुरघुरत. शेवटी ते म्हणाले, मास्तर, तुम्हाला मी काय सांगणार, आता जीवनाचं स्टिअरिंग प्रभूच्या हाती द्या. हे वाक्य मास्तरांनी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या धंद्यामुळेच मंडळीत ते इतकं चालतं अशी त्यांना शंका होती. त्यांनी आमेन म्हटलं. बूट गेले. बायको चहाचे कप उचलत होती.

आणि मग, त्या टॉवेलच्या कड्यात कपाळ रुतलेलं असताना, मास्तरांच्या मनात आलं की स्टिअरिंग तर आपण कधीच दिलंय. स्टिअरिंग द्यायला काय जातं? ते तर आपण रोज कुणालाही देतो. दातांच्या डॉक्टरांना दिलं, पाळकसाहेबांना दिलं, ज्याला डावं-उजवं कळत नव्हतं त्या शिंप्याला दिलं. बसा, म्हणायचं, चालवा, आता सगळं तुमच्या हातात. आणि आपला पाय दुसऱ्या ब्रेकवर. रविवारी ते प्रभूला तसंच म्हणत आले होते, सगळं तुझ्या हातात, डोळे मिटून, मनापासून, खोटं नाही. आणि सोमवारी कोपरा आला की त्याच्या आधी पाय. प्रभू हा त्यांचा सगळ्यांत जुना शिकाऊ होता. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला एक वळण एकट्याने घेऊ दिलं नव्हतं.

हे कळून बरं वाटायला हवं होतं. प्रवचनात असं काही कळलं की माणसाला बरं वाटतं, साक्ष देताना मंडळी हेच सांगतात, मला कळलं आणि माझं ओझं उतरलं. मास्तरांचं काही उतरलं नाही. उलट त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. ठीक, आता सोडायचं, सोडून दाखवायचं. त्यांनी पाय दांडीवरून उचलला आणि जाणूनबुजून जमिनीवर ठेवला. हे प्रभू, मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. ठेवला. आता तू. आधी कडा चिकटव. घाई नको. मग मधला भाग, तोच महत्त्वाचा, वाचायचं काम तिथे असतं असं बाई म्हणाल्यात. बुडबुडा एका बाजूला तर नाही ना गेला? बघ. बघितलंस? नीट बघून मग. हळू. हळू रे. पाय परत दांडीवर होता. त्यांनी तो पुन्हा उचलला. भरवसा ठेवतोय ना मी? नक्की ठेवतोय? किती? तो बसलाय का नीट? आणि त्यांच्या लक्षात आलं की आता ते भरवशाच्याच शेजारी बसलेत, त्याच्यावर नजर ठेवून. सोडायचं काम तरी आपल्याकडे असावं, ते तरी आपण नीट करावं. या खोलीला दार होतं ते याच खोलीत उघडत होतं. ज्या हाताने सोडायचं तोच धरणारा. कपाळाला घाम येऊन टॉवेल ओला झाला, आणि बायको दुकानात गेली होती, लेक खाली फोनवर बोलत होती, आणि दुपारचं ऊन कुठून तरी फरशीच्या एका तुकड्यावर आलं होतं, हे त्यांना अधू डोळ्याला पिवळं लागल्यावरून कळलं. उजेड आहे. आत्ता चांगला उजेड आहे.

त्यांनी मान वर केली.

करायची असं ठरवलं नव्हतं. पाय जसा चालतो तशी मान चालली. जाळीची वाटी चिकटपट्टीवरून सोडवली, पापणी उघडली, खिडकीकडे तोंड केलं. एवढंच बघायचं होतं, खिडकीचे गज दिसतात का. गज नव्हते. खिडकी नव्हती. राखाडी पाणी होतं, त्यात उजेड खालीवर होत होता, एक वाकडी काळी कडा थरथरत होती, ती बुडबुड्याची असेल, पडद्याची असेल, किंवा फक्त शेवटाची. किती वेळ बघितलं ते त्यांना सांगता आलं नसतं. मग मान घाईने खाली, कपाळ कड्यात, वाटी परत चिकटवताना पट्टी सुरकुतली, ती त्यांनी दाबून दाबून सरळ केली. वायू आहे तोवर दिसणार नाही हे त्यांना बाईंनी सांगितलं होतं. ठाऊक होतं. ऐकलं होतं, आणि बाईंचं म्हणणं आपल्या डोळ्याने तपासायला ते गेले होते, त्याच डोळ्याने, जो तपासायचा नव्हता. आता तीन गोष्टी होत्या. पडदा आधीच सुटला असेल. किंवा चिकटत असेल, आणि त्यांनी मान वर करून तो सोडवला असेल. किंवा काहीच झालं नसेल. यातली कुठलीही खरी असली तरी इथून, या खुर्चीतून, ती सारखीच दिसत होती. म्हणजे दिसत नव्हती. शिकाऊने ऐनवेळी ब्रेक मारून गाडी घसरवावी आणि मग म्हणावं की मी मारला नसता तर आपटलीच असती. त्यावर मास्तर नेहमी म्हणत, ते आता कुणालाच कळायचं नाही, बाळा.

बायको आली. निळ्या सपाता स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या आणि खुर्चीपाशी थांबल्या. बोटाने ती सुरकुतलेली पट्टी तिने फक्त नीट केली. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं, फरशीकडे बघत, एकेक गोष्ट, आणि सांगता सांगता विषय वडिलांवर कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. बाबा म्हणायचे प्रभू बघेल, आणि माझा डोळा गेला. मी म्हटलं मी बघेन, आणि हा गेला. मग माणसाने करायचं काय, तू सांग.

ती खाली बसली, फरशीवर, अगदी त्यांच्या तोंडाखाली, गुडघे दुमडून. इतक्या जवळ त्या डोळ्यालाही तिचा चेहरा थोडा आला.

“मामंजींचं मला सांगू नका,” ती म्हणाली. “सोडायचं तर आधी हातात धरलेलं असावं लागतं. त्यांनी धरलंच कुठे होतं? हात खिशात घालून बसले होते आणि नाव प्रभूचं.”

“आणि मी?”

“तुम्ही धरलंत. करायचं ते सगळं केलंत. डॉक्टर झाला, शस्त्रक्रिया झाली. आता पुढे तुमच्या हातात घ्यायला काही उरलेलंच नाही, तरी मूठ काही सुटत नाही.”

“सुटत नाही गं,” मास्तर म्हणाले. “मी सोडवून बघितली.”

तिने त्यांच्या मिटलेल्या मुठीवर हात ठेवला. मग म्हणाली, पोरगी लहान होती तेव्हा झोपायला तयार नसायची, आठवतं, मुठी आवळून रडायची, आणि आपण मुठी उघडत बसायचो का? उचलून घ्यायचो. एवढं बोलून ती उठली, तिचा गुडघा कटकन वाजला, आणि भेंडी कोवळी मिळाली नाही म्हणून दुकानदाराला बोलत आत गेली. मास्तरांनी त्यावर विचार केला नाही. विचार करून त्याचं काय होणार हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. ते तसेच बसून राहिले, मूठ मिटलेली, पाय दांडीवर, आणि हे प्रभू, हा माझा पाय दांडीवर आहे, एवढंच त्यांना म्हणता आलं. काढ, असंही म्हणवलं नाही.

तपासणीचा दिवस आला तसा लेकीने गाडी दाराशी आणली. मागच्या सीटवर उशा रचल्या होत्या. मास्तरांनी त्यांवर छाती टाकून, तोंड दोन उशांच्या फटीत घालून पालथं पडायचं, आणि बायकोने उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचं. दार लागलं. मास्तरांना वास आला: सीटच्या कापडाचा, नातवंडांच्या बिस्किटांचा, आणि मग इंजिन सुरू झालं. त्यांनी आजवर रस्ता नसलेली गाडी पाहिली नव्हती. ही तशी होती. पुढे काही नाही, काच नाही, बाजू नाही, फक्त पोटाखाली थरथर आणि अंगावर येणारी वळणं. पहिलं वळण पेट्रोलपंपाचं, हे त्यांना कमरेने सांगितलं. मग उतार, मग शाळेपुढचा उंचवटा; ती हळू करील का, केली. चौक. चौकात उजवीकडून बस येते, ती न बघता येते. त्यांचा पाय मागच्या दारावर जोरात टेकला होता आणि दार काही ब्रेक नव्हतं. ओरडावं असं गळ्यापर्यंत आलं. बघ. बबडे, उजवीकडे. त्यांनी दातांत उशी धरली. गाडी थांबली. कशाने, त्यांना कळलं नाही. कुणीतरी ओरडलं, कुणावर कळलं नाही. गाडी चालू लागली. कुणी त्यांना काही सांगितलं नाही, आणि सांगायची पद्धतही नव्हती. चालवणारा शेजाऱ्याला प्रत्येक गोष्ट कशाला सांगेल? आपण इतकी वर्षं सगळ्यांच्या शेजारी हे असेच बसून होतो, त्यांना वाटलं, दातांत उशी धरून. फरक एवढाच की आपल्या पायाखाली खरा ब्रेक होता.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दिवा लावला, वर बघा, खाली बघा म्हणत बराच वेळ तपासलं. मास्तरांनी मध्येच सांगितलं की मी मान वर केली होती. बाई म्हणाल्या, सगळेच करतात. त्याने काही बिघडलं का, तर ते आता सांगता येणार नाही. बराचसा भाग बसलेला वाटतोय, वरची कडा अजून मनासारखी दिसत नाही. चिकटला असं म्हणणार नाही, सुटला असंही नाही. आणखी काही दिवस तोंड खाली, आणि मग बघू. कदाचित पुन्हा हात घालावा लागेल. लेकीने दोन-तीन प्रश्न विचारले, ते मास्तर विचारणारच होते. ते नुसते बसले होते. सुटका होईल किंवा फाशी तरी, असं धरून ते आले होते, आणि त्यांना पुन्हा कोठडीच मिळाली होती.

परत उशा. परत फट. पाय दारावर जायला निघाला आणि वाटेत कुठेतरी राहिला. तेवढं जोर लावणंही आज जमत नव्हतं. पुढे लेक, शेजारी बायको, दोघी घरातलं काहीतरी बोलत होत्या, ताटं कुठली काढायची, पाहुणी येणार ती कुठे झोपेल. गाडीने एक वळण घेतलं. ते चुकीचं होतं. दवाखान्यातून घरी यायला हे वळण नाही, पुढचं. इथून गेलं की बाजाराच्या मागून फिरून यावं लागतं. मास्तरांना ते कळलं. कळल्याचं त्यांनी पाहिलं, लांबून, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकावा तसं. आता आपण सांगू, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट बघितली. कुठे नेतेय ती, विचारायला हवं, पण तिला रस्ता दिसत होता आणि त्यांना दिसत नव्हता, आणि ही गोष्ट इतकी साधी होती की तिला धरायला कुठे कड नव्हती. थरथर पोटातून छातीत आली. उशीचं कापड गालाला गरम लागलं. बायकोचा हात त्यांच्या पाठीवर कधीपासून होता कोण जाणे

आणि मग आवाज नव्हता. थरथर नव्हती. गाडी उभी होती, इंजिन बंद, खिडकी उघडी असावी कारण मानेवर वारा येत होता. आपण कुठे थांबलोय, काय झालं, म्हणून ते दचकले. अपघात? बायकोचा हात पाठीवरच होता.

“आलो घरी,” ती हळू म्हणाली. “केव्हाच आलो. बबडी म्हणाली, झोपलेत, झोपू द्या.”

मास्तरांना ते उलगडायला वेळ लागला. ते झोपले होते. गाडीत, चालत्या, दुसऱ्याच्या हातातल्या. बाजाराच्या मागचे ते अरुंद रस्ते, ती गर्दी, रेल्वेचं फाटक, सगळं त्यांच्याशिवाय झालं होतं. ते त्यातल्या एकाही कोपऱ्यावर हजर नव्हते. त्यांनी ते कसं केलं, हे ते शोधू लागले, पुन्हा करता यावं म्हणून, आणि सापडलं नाही. ते त्यांनी केलेलं नव्हतं. मूठ उघडून चाचपली तर तळव्यात उशीच्या कापडाची घडी उमटलेली लागली, म्हणजे तोवर ती मिटलेलीच असणार. झोपेतसुद्धा. कुणीतरी त्यांना मुठीसकट उचलून घेतलं होतं.

तेवढ्यात भीती आली. आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. वरची कडा. पुन्हा हात घालावा लागेल. दातांचे डॉक्टर, परीक्षा, आंधळा मास्तर कुणाला हवाय. डोळ्यात राखाडी पाणी तसंच होतं. काही उतरलं नव्हतं, काही सुटलं नव्हतं, साक्ष द्यायला उभं राहावं असं तर काहीच नव्हतं. फक्त या सगळ्याच्या मध्ये एक तुकडा होता ज्यात ते नव्हते, आणि तिथे कुणीतरी होतं, आणि गाडी घरी आली होती.

“प्रभू,” ते म्हणाले. मोठ्याने निघालं ते.

“काय हवंय?” बायकोने विचारलं.

डोळा हवा होता. तो हवाच होता, त्याच्याशिवाय काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण तो मागून झाला होता, पहिल्या दिवसापासून रोज, आणि आता त्या मागण्यात हळू, नीट, बघून, असं काही घालायला त्यांच्याकडे उरलं नव्हतं. ऊन पाठीवर होतं. गाडीचं पुढचं दार उघडल्याचा आवाज आला, लेकीची पावलं गाडीला वळसा घालून मागे आली आणि थांबली. बापाला किती वेळ लागतो हे तिला माहीत होतं. मास्तरांनी उशीतून एक हात सोडवला आणि मागे, जिथे ती असेल तिथे, न बघता धरला.

“मला उतरवून घे,” ते म्हणाले.